तेलाचा भाव आणि आपली चूल



गटाच्या बैठकीत एक प्रश्न फिरून फिरून येतो: सिलिंडरचा भाव ठरवतं तरी कोण? कोणी म्हणते एजन्सीवाला, कोणी म्हणते दिल्लीचं सरकार, एखादी पेपर वाचणारी म्हणते अरबस्तान. एजन्सीवाला सोडला, तर बाकी दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. आपल्या देशात जळणाऱ्या गॅसपैकी साधारण ६० टक्के गॅस बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक आखाती देशांतून. सौदी अरबची तेल कंपनी दर महिन्याला गॅसचा भाव जाहीर करते. त्यावर जहाजाचं भाडं आणि डॉलरचा दर चढतो. हा सगळा बोजा ग्राहकावर किती टाकायचा आणि स्वतः किती उचलायचा, हे दिल्ली ठरवते.

म्हणजे खरा प्रश्न दिल्लीचा आहे. तेल महागलं की सरकार काय करतं? आजवर काय केलं? आज आम्ही तुम्हाला गेल्या पन्नास वर्षांतली ही गोष्ट सांगणार आहोत. इंधन धोरणाचा इतिहास सहसा विहिरी, खाणी आणि कारखान्यांकडून सांगितला जातो. आम्ही तो चुलीकडून सांगू, कारण आपण तिथे बसलेल्या आहोत.

१९७० च्या सुमाराला आपला जिल्हा भंडाऱ्यातच होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्या काळी आपल्या खेड्यांत स्वयंपाक लाकडावर आणि गोवऱ्यांवर, आणि रात्रीचा उजेड रॉकेलचा. चिमणी, कंदील, लग्नकार्यात भाड्याची गॅसबत्ती, तीही रॉकेलवरच चालणारी. तेव्हा परदेशातल्या तेलाचा भाव आपल्या घरात शिरायचा तो दिव्याच्या वातीतून. स्वयंपाकाचा गॅस देशात आला होता, पण तो शहरापुरता. मुंबईत १९५५ साली ‘बर्शेन’ नावाने तो पहिल्यांदा विकला गेला. तिरोड्याच्या किंवा देवरीच्या बाईने तो बघितलेला असण्याचं कारण नव्हतं.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. धान्य, साखर, गोडं तेल, रॉकेल, सगळ्याचीच टंचाई. त्या वर्षी मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे, मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, शिवाय प्रमिला दंडवते. एरवी यांचे पक्ष एकमेकांवर तुटून पडायचे. पण रॉकेलच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला पक्ष नसतो, हे या चौघींना कळलं होतं. हजारो बायका हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. मंत्र्यांना घेराव घातले, साठेबाजांच्या गोदामांवर मोर्चे नेले. लाटणं हे मोर्च्याचं हत्यार होऊ शकतं, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं.

या बायका इंधन धोरणावर बोलत होत्या, असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. त्यांना म्हटलं गेलं ‘महागाईवाल्या’. आमच्या मते मात्र आपल्याकडे इंधनाच्या प्रश्नावर झालेलं हे पहिलं मोठं लोकआंदोलन होतं. रॉकेल किती येणार, कुणाला मिळणार आणि कोणत्या भावाने, हेच तर त्या विचारत होत्या.

मग ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्रायल आणि अरब देशांचं युद्ध पेटलं. अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. पिंपाला ३ डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. चौपट! भारत तेव्हाही बरंचसं तेल बाहेरून आणत होता. सरकारने पेट्रोलचा भाव जोरात वाढवला, हेतू हा की लोकांनी कमी जाळावं. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले. त्याचा फोटो अजून फिरतो. आपल्याकडे बैलगाडीत बसायला तेल महाग व्हावं लागत नव्हतं, ते जाऊ द्या.

त्या एका धक्क्याने दिल्लीत बरंच काही हललं. परदेशी तेल कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. १९७४ साली एस्सो गेली आणि तिची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, १९७६ साली बर्मा शेल गेली आणि तिची भारत पेट्रोलियम झाली. आज आपल्या सिलिंडरवर जी दोन नावं दिसतात ती त्या वेळची. कोळशाच्या खाणी आधीच सरकारी होत होत्या, १९७५ ला कोल इंडिया उभी राहिली. मुंबईजवळच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ नावाच्या जहाजाने १९७४ साली तेल शोधलं आणि १९७६ पासून ‘बॉम्बे हाय’चं तेल निघू लागलं. अर्थतज्ज्ञ सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखालच्या इंधन धोरण समितीने १९७४ साली अहवाल दिला. त्याचा सारांश इतकाच, की तेल परवडणार नाही, तेव्हा देशाचं मुख्य इंधन कोळसा हवं. आज आपल्या घरी येणारी वीज बहुतांश कोळशाची आहे. तिची मुळं त्या भाववाढीत आहेत.

त्या काळात देशात जळणाऱ्या एकूण इंधनात लाकूड, शेण आणि काडीकचरा यांचा वाटा जवळपास निम्मा होता. निम्मा देश बाईच्या डोक्यावरच्या मोळीवर चालत होता म्हणा ना. तज्ज्ञांनी हे मोजलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण या इंधनाला त्यांनी नाव दिलं ‘अव्यापारी’. म्हणजे ज्याची विक्री नाही, बिल नाही. आणि ज्याचं बिल नाही त्याला भाव नाही, मग त्यासाठी लागलेल्या तासांना तरी कुठून येणार? दिवसभराची मोळी आणायला किती पायपीट लागते, हे तुम्हाला सांगायला नको.

मुंबईतल्या त्या आंदोलनाचं पुढे काय झालं? जून १९७५ ला आणीबाणी आली आणि मोर्चे बंद झाले. मृणालताई आणि अहिल्याताई दोघींनाही तुरुंगात टाकलं. १९७७ ला निवडणूक झाली तेव्हा दोघीही मुंबईतून निवडून लोकसभेत गेल्या.

दुसरा धक्का १९७९ चा. इराणमध्ये क्रांती झाली, तिथलं तेल थांबलं आणि भाव ३० डॉलरच्या वर गेला. १९८०-८१ मध्ये भारताने सगळ्या जगाला माल विकून जे कमावलं, त्यातल्या दर ४ रुपयांपैकी ३ रुपयांहून जास्त निव्वळ तेल आणण्यात गेले. घरातली कमाई सगळी किराणावाल्याकडे जावी, तशी देशाची गत.

आता दिल्लीला खेड्यातल्या चुलीची आठवण आली. १९८१ साली अपारंपरिक ऊर्जेसाठी आयोग नेमला, दुसऱ्या वर्षी त्याचा स्वतंत्र विभाग झाला. आजचं सौरऊर्जेचं मंत्रालय त्याच रोपट्याचं झाड आहे. १९८१-८२ पासून गोबरगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पाठोपाठ सुधारित चुलीचा, म्हणजे आपण जिला निर्धूर चूल म्हणतो तिचा. १९८३ ला प्रयोग म्हणून आणि मग देशभर.

निर्धूर चूल काही दिल्लीचा शोध नव्हता. आपल्या शेजारच्या वर्ध्यात, मगनवाडीत, गांधीजींच्या ग्रामोद्योगवाल्यांनी ‘मगन चूल’ नावाची धुराडं असलेली चूल कितीतरी आधी करून दाखवली होती. पण तिला राष्ट्रीय कार्यक्रम व्हायला तेल महागावं लागलं. आणि सरकारी कागदावर कारण लिहिलं होतं जंगल वाचवणं, लाकूड वाचवणं. बाईचे डोळे आणि फुप्फुसं त्या यादीत होती, पण मागच्या ओळीत.

आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या बायांना ती चूल चांगली आठवत असेल. दोन तोंडांची, मागे सिमेंटचा किंवा पत्र्याचा पाइप. ती बांधायला माणूस यायचा, फोटो काढायचा, वहीत सही घ्यायचा. देशात २००२ पर्यंत अशा ३ कोटींहून जास्त चुली बांधल्या गेल्या. त्यातल्या आज किती शिल्लक आहेत ते तुमच्याच गावात बघा. पाइप काजळीने तुंबला तर साफ कोण करणार? चुलीचं तोंड एका मापाचं, आणि आपल्याकडे तर कधी चहाचं भांडं, कधी वीस माणसांच्या भाताचा गंज. पहिल्या पावसात कुडाची भिंत ओली झाली की पाइप हलायचा. मग एखाद्या सासूबाईच फावडं आणून ती मागची भिंत पाडायच्या आणि जुनी तीन दगडांची चूल परत मांडायच्या. आम्हाला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ती चूल उद्दिष्ट पुरं करण्यासाठी बांधली होती, आणि उद्दिष्ट पुरं झालंच होतं.

नव्वदचं दशक आम्ही भरभर ओलांडतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल पुन्हा भडकलं आणि १९९१ ला देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं. त्यानंतर सगळी अर्थव्यवस्थाच खुली करायचं ठरलं. तेलाचे भाव सरकारने ठरवण्याची जुनी पद्धत १ एप्रिल २००२ पासून बंद झाली, निदान कागदावर. त्याच २००२ साली निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रमही बंद झाला. हा योगायोग असेल. पण बाजारावर भरवसा टाकणाऱ्या वर्षी चूल सोडून दिली गेली, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे. पुढे पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये खरोखर मोकळा झाला. उन्हाळी धानाला डिझेल पंपाने पाणी देणाऱ्यांना ते दुसरं साल बरोबर लक्षात असेल.

मधे एक कागद आला होता, त्याच्याबद्दल थांबून सांगायला हवं. २००६ साली किरीट पारीख यांच्या समितीने देशाचं एकात्मिक ऊर्जा धोरण लिहिलं. त्यात एक सूचना अशी होती, की गावापासून एक किलोमीटरच्या आत सरपणाची लागवड असावी, आणि सरपण शोधत हिंडण्यात बायकांचा जो वेळ जातो त्याच वेळात बायकांच्या गटांनी अशी झाडं लावून सांभाळावीत. त्यासाठी गटांना कर्ज मिळावं. चांगली सूचना होती. आपल्या भागात असं सरपणाचं बन कुठल्या गटाच्या नावावर उभं राहिलेलं आमच्या तरी पाहण्यात नाही. तुमच्या गावात असेल तर आम्हाला कळवा, आम्ही बघायला येऊ.

आता गॅसकडे येऊ. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलिया इथून उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावाने जोडणी, अनामत नाही. हे खरोखर मोठं काम होतं. घर, शेत, सातबारा, सगळं पुरुषाच्या नावावर असलेल्या देशात कोट्यवधी बायकांच्या नावाने गॅसचं कार्ड निघालं. आठ कोटीवी जोडणी दिली गेली ती आपल्या महाराष्ट्रात, ७ सप्टेंबर २०१९ ला औरंगाबादेत, आणि तीही बचत गटांच्या बायकांच्या मेळाव्यात. आज देशात अशा जोडण्या १० कोटींच्या वर आहेत.

ही वेळ कशी साधली ते पाहा. २०१४ च्या मध्यापासून जगात तेलाचा भाव कोसळला होता. १०० डॉलरच्या वर असलेलं पिंप २०१६ च्या सुरुवातीला ३० डॉलरच्या आत आलं. अनुदानाचा बोजा हलका झाला, म्हणून इतक्या जोडण्या वाटणं जमलं. तेल महागतं तेव्हा धोरण बदलतं हे आपण पाहिलं, तेल स्वस्त होतं तेव्हाही बदलतं. फरक इतकाच, की जोडणी एकदाच द्यायची असते आणि सिलिंडर दर महिन्याला भरायचा असतो.

पहिल्या काळात शेगडी आणि पहिला सिलिंडर कर्जाने मिळायचा. ते कर्ज फिटेपर्यंत अनुदान बाईच्या खात्यात येत नसे, ती पूर्ण भावाने भरून घ्यायची. कितीतरी जणींना वाटलं की अनुदान आपल्याला लागूच नाही. २०१९ साली सरकारच्याच हिशेब तपासणाऱ्यांनी, म्हणजे कॅगने, दाखवून दिलं की उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी चारपेक्षा कमी सिलिंडर जातात. बाकीच्या घरांत हा आकडा सहाच्या वर होता.

मग आला २०२०. लॉकडाऊनमध्ये उज्ज्वलाच्या बायांना ३ सिलिंडर मोफत मिळाले. त्याच वेळी जगात गॅस इतका उतरला होता, की मे २०२० मध्ये दिल्लीत सिलिंडर ५८१ रुपये ५० पैशांना होता आणि अनुदान द्यायची गरजच उरली नाही. ते शून्य झालं. पुढे भाव चढत गेला, पण शून्य शून्यच राहिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि मे २०२२ मध्ये दिल्लीचा सिलिंडर १००३ रुपयांवर गेला. आपल्याकडे त्याहून जास्त, कारण वाहतूक. मार्च २०२३ मध्ये तो दिल्लीत ११०३ होता.

याच काळात दुसरं एक दार बंद झालं होतं. रेशनच्या रॉकेलचा भाव २०१६ पासून २५-२५ पैशांनी वाढवत नेला आणि २०२० पर्यंत त्याचं अनुदान संपवलं. ज्याच्या नावावर गॅस त्याचं रॉकेल बंद. तेव्हा गॅस हजारावर गेला तेव्हा मागे फिरायला रॉकेलही नव्हतं. उरलं होतं फक्त जंगल.

आणि बाया जंगलात गेल्या. आपल्या घरांत हे कसं चालतं ते आपल्याला माहीत आहे. सिलिंडर सकाळच्या चहाला, पाहुण्यांना, पावसाळ्यात ओलं सरपण जळत नाही तेव्हा. आंघोळीचं पाणी, धान उकडणं, भाकरी, मोठा स्वयंपाक, हे सगळं चुलीवर. सरकारी भाषेत ती बाई ‘गॅसधारक’ असते.

मैत्रिणींनो, देशाने अडीअडचणीसाठी तेलाचा साठा करून ठेवला आहे. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे खडकात गुहा खोदून त्यात ५३ लाख टन कच्चं तेल मावेल अशी सोय केली आहे. युद्ध झालं, जहाजं थांबली, तर साडेनऊ दिवस पुरेल इतकं. आमचं म्हणणं असं आहे, की देशाकडे आणखी एक साठा आहे आणि तो कुठल्याच हिशेबात धरलेला नाही. तेल महागलं की गावोगावच्या बाया गपचूप सिलिंडर बाजूला ठेवतात आणि मोळी आणतात. परदेशी चलन वाचतं, अनुदान वाचतं. त्याची किंमत बाईच्या पाठीवर, डोळ्यांवर आणि नागझिऱ्याच्या कडेला जिवावर पडते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ ला झाला. सरपणाला आणि मोहफुलाला पहाटे गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. राज्याच्या वन विभागाने २०१५ पासून श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलाकाठच्या गावांना ७५ टक्के अनुदानाने गॅस दिला, तो याच कारणाने. तिथेही अडचण तीच. जोडणी झाली, पुढची भरणी आपल्या खिशातून.

पण भरणीचा आकडा दिल्लीत पोचतो, हे विसरू नका. उज्ज्वलाच्या बाया सिलिंडर भरत नाहीत ही बातमी संसदेत गेली, प्रश्न विचारले गेले. मे २०२२ मध्ये उज्ज्वलासाठी सिलिंडरमागे २०० रुपये अनुदान परत आलं, ऑक्टोबर २०२३ पासून ते ३०० झालं. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी सगळ्यांसाठीच भाव २०० रुपयांनी उतरला, रक्षाबंधनाच्या तोंडावर. मार्च २०२४ मध्ये आणखी १०० उतरले, नेमके महिला दिनाला. दोन्ही वेळा निवडणुका जवळ होत्या. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढले तेव्हा कुठला सण नव्हता. आपल्या राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला ३ सिलिंडर मोफत देण्याचं ठरवलं. यामुळे भरण्या वाढल्या, तरी उज्ज्वलाची देशाची सरासरी २०२४-२५ मध्ये चार-साडेचारच्या आसपासच होती. भाव उतरला की बाई गॅस भरते. तिला धूर आवडतो म्हणून ती चुलीकडे जात नाही, एवढं तरी या आकड्यांनी सिद्ध केलं.

शेवटी आपल्या धानाकडे वळू, कारण तेलाचा भाव आता त्याच्यापर्यंत येऊन पोचला आहे. बाहेरचं तेल कमी लागावं म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली सुरू झाला, त्यात आपल्या राज्यातली मिरज आणि मनमाड ही ठिकाणं होती. तेव्हा इथेनॉल उसाच्या मळीचं होतं, म्हणून आपल्याला त्याची खबर नव्हती. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने खराब धान्य आणि तांदळाची कणीही त्यासाठी चालेल असं ठरवलं. २०२० ला अन्न महामंडळाच्या गोदामातला जादा तांदूळही द्यायला परवानगी मिळाली. शंभरात वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि गाठलंही. जुलै २०२३ मध्ये तांदूळ महागला तेव्हा गोदामातला तांदूळ इथेनॉलला देणं थांबवलं, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केलं.

गोंदिया म्हणजे राईस मिलचं गाव. तुमच्यापैकी कितीजणी मिलमध्ये कामाला जातात, कितीजणींच्या घरचं धान आधारभूत केंद्रावर जातं. म्हणून हा एक हिशेब ऐका. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव होता क्विंटलला २३०० रुपये. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानाला ६७ किलो तांदूळ धरतात. म्हणजे एक क्विंटल तांदळासाठी जवळपास दीड क्विंटल धान लागलं, नुसत्या धानाचेच ३४०० रुपये झाले. भरडाई, बारदाना, वाहतूक वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने इथेनॉल कारखान्यांसाठी तांदळाचा भाव ठरवला क्विंटलला २२५० रुपये. तांदूळ धानापेक्षा स्वस्त!

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गोदामं भरली होती, नवं धान ठेवायला जागा नव्हती, आणि खरेदी सुरू राहावी हे आपल्यालाही हवंच असतं. परदेशी तेल जितकं कमी येईल तितकं देशाचं भलं, हेही खरं. पण गाडीच्या टाकीत जाणाऱ्या तांदळाला सरकार जो तोटा सोसतं, तो कोणी वायफळ खर्च म्हणत नाही. चुलीजवळच्या सिलिंडरवर ३०० रुपये दिले की मात्र त्याला ‘अनुदानाचा बोजा’ म्हणतात. हा शब्दांचा फरक आम्हाला खटकतो.

आता कामाचं थोडं. २०२५-२६ साठी सरकारने उज्ज्वलाचे ३०० रुपये वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत ठरवले होते. ते खात्यात येत नसतील तर आधी एजन्सीत आपलं ई-केवायसी झालं आहे का ते विचारा, आणि बँकेत आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बघा. बऱ्याचदा पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात. ज्यांना एकदम मोठा सिलिंडर भरणं जमत नाही त्यांच्यासाठी ५ किलोचा लहान सिलिंडरही आहे, तो मागा. आणि ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथल्या बायांनी ग्रामसभेच्या वन आराखड्यात सरपणाच्या झाडांची ओळ लिहून घ्यावी. तेंदू आणि मोह त्यात असतोच, सरपण राहून जातं.

वीज या गोष्टीत आज थोडीच आली. आपल्या तिरोड्याचं ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र, त्याच्यासाठी ताडोबाजवळ लोहाऱ्याला ठरलेली आणि वाघांमुळे अडलेली कोळशाची खाण, बाहेरून आणलेला महाग कोळसा आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला त्याचा वाद, ही सगळी गोष्ट पुढच्या भागात सांगू. तुमच्या वीज बिलावर ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ असते. पुढच्या वेळी ऐकायला बसाल तेव्हा गेल्या दोन-तीन महिन्यांची बिलं हाताशी ठेवा, ती ओळ आपण सगळ्या मिळून वाचू.